ओवेनचे कागद

विल्फ्रेड ओवेन (१८९३-१९१८) या इंग्रजी कवीचे नाव आज पहिल्या महायुद्धाच्या कवितेशी इतके एकरूप झाले आहे की, त्याच्या हयातीत त्याच्या जेमतेम पाच कविता छापून आल्या होत्या, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्या पाचांपैकी काही एका लष्करी रुग्णालयाच्या नियतकालिकात आल्या, त्यांतली पहिली तर निनावी. तीन लंडनच्या ‘द नेशन’ या साप्ताहिकाने छापल्या. बाकी सारी कविता, म्हणजे आज जगभरच्या शाळा-महाविद्यालयांत शिकवली जाणारी जवळजवळ सर्व कविता, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी उत्तर फ्रान्समधील ओर्स या खेड्याजवळ सांब्र-ओआज कालवा ओलांडताना ओवेन मारला गेला तेव्हा, खाडाखोड केलेल्या सुट्या कागदांवर होती. त्याचे वय त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. हे कागद कोणी जपले, कोणी वाचले, कोणी छापले आणि कोणी त्यांवर शाई फिरवली, हे पाहिल्याखेरीज ओवेनची कविता आपल्यापर्यंत कशी पोहोचली हे कळत नाही. आणि ते पाहू लागले की आपण जिला ‘ओवेनची कविता’ म्हणतो तिला इतरही अनेकांचे हात लागलेले आहेत, हे मान्य करावे लागते.

कवीचे हस्तलिखित म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा सुंदर अक्षरातली एखादी वही येते, परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने हस्तलिखिते अनेक प्रकारची असतात. कवी सुचेल तसे लिहितो, खोडतो, समासात पर्यायी शब्द टिपून ठेवतो, त्या कागदाला खर्डा म्हणतात. खर्ड्यावरून नीट उतरवून काढलेल्या कागदाला शुद्ध प्रत म्हणतात. एकाच कवितेचे दोन-तीन खर्डे उपलब्ध असतील आणि त्यांत शब्द वेगळे असतील तर त्या वेगळेपणाला पाठभेद म्हणतात, आणि त्यांतून कोणता पाठ छापायचा हे ठरवण्याच्या शास्त्राला पाठसंपादन. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच गरजेतून. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्यात तीन शतके गेली होती. ओवेन आणि त्याचा पहिला संपादक यांच्यात दोनच वर्षे गेली, शिवाय तो संपादक त्याचा जिवलग मित्र होता. तरीही कोणता शब्द कवीला अखेरचा म्हणून मान्य होता, हा प्रश्न त्याच्याही पुढे उभा राहिलाच.

कवितांच्या कागदांना साक्ष देतात ती ओवेनची पत्रे. १९६७ साली त्याचा धाकटा भाऊ हॅरल्ड ओवेन आणि जॉन बेल यांनी ही पत्रे संपादित करून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसतर्फे प्रसिद्ध केली. त्या जाड ग्रंथात ६७३ पत्रे आहेत आणि त्यांतली पाचशेहून अधिक एकाच व्यक्तीला, म्हणजे आई सूझन ओवेन यांना लिहिलेली आहेत. पहिले पत्र १८९८ सालचे, पाच वर्षांच्या मुलाच्या हातचे आहे; शेवटचे मृत्यूच्या चार दिवस आधीचे आहे. रेल्वेत नोकरी करणाऱ्या बेताच्या उत्पन्नाच्या माणसाच्या घरात मुलाच्या बाळबोध अक्षरातली चिठ्ठीसुद्धा वीस वर्षे जपून ठेवली गेली, हे त्या आईचे मराठी वाचकावरही ऋण आहे. डन्सडेन या खेड्यात धर्मगुरूचा मदतनीस म्हणून राहिलेला, पुढे फ्रान्समधील बोर्दो शहरात इंग्रजी शिकवून पोट भरणारा, ऑक्टोबर १९१५ मध्ये सैन्यात दाखल झालेला आणि जून १९१६ मध्ये मँचेस्टर रेजिमेंटमध्ये अधिकारी झालेला हा तरुण, आठवड्याला एक-दोनदा तरी आईला लिहीत राहिला. त्यामुळे त्याच्या आयुष्याचा हिशेब जवळजवळ दिवसागणिक मांडता येतो.

या पत्रांत आणि कवितांत किती जवळचे नाते आहे, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे १६ जानेवारी १९१७ चे पत्र. ओवेन आघाडीवर पोहोचून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधल्या, कोणाच्याच ताब्यात नसलेल्या जमिनीत जर्मनांनी पूर्वी खणलेल्या एका भुयारी खोलीत तो पंचवीस माणसांसह पन्नास तास अडकून पडला होता. आत फूट-दोन फूट पाणी साचले होते आणि वरून तोफगोळ्यांचा मारा अखंड चालू होता. आपला धीर सुटून त्या चढत्या पाण्यात स्वतःला बुडू द्यावे असे क्षणभर वाटून गेले, हेही त्याने आईपासून लपवले नाही. पहारेकऱ्यांना त्याने जिन्याच्या मध्यावर आडोशाला उभे केले होते, तरी त्यांतला एक पोरगा स्फोटाने खाली फेकला गेला आणि त्याचे डोळे बहुधा गेले, असे तो लिहितो. पत्रात या पोराला एकच वाक्य मिळाले आहे. मात्र त्या वाक्याने ओवेनची पाठ सोडली नाही. ‘द सेंट्री’, म्हणजे ‘पहारेकरी’, ही त्याची कविता या एकाच प्रसंगावर उभी आहे आणि ती त्याने पुरी केली सप्टेंबर १९१८ मध्ये, पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर परतल्यावर, म्हणजे प्रसंग घडून वीस महिने झाल्यानंतर. पत्र नसते तर ही कविता कल्पनेची की अनुभवाची, यावर टीकाकारांनी पानेच्या पाने खर्ची घातली असती.

युद्धकाळातील पत्रांवर लष्कराची नजर असे. साध्या सैनिकांची पत्रे त्यांचे अधिकारी वाचत आणि ठावठिकाणा सांगणारा मजकूर खोडून टाकत. ओवेनलाही आपल्या माणसांची पत्रे अशीच तपासावी लागत. स्वतःच्या पत्रांत ठिकाणांची नावे न लिहिण्याचे बंधन अधिकाऱ्यांवरही होते. त्यावर आई आणि मुलाने एक सांकेतिक खूण ठरवून घेतली होती : पत्रात एक ठरावीक शब्द आला की पुढच्या मजकुरातील शब्दांची विशिष्ट अक्षरे जुळवायची आणि गावाचे नाव वाचायचे. छापील ग्रंथात हे वाचताना मौज वाटते. दिव्याखाली बसून अक्षरामागून अक्षर जुळवणाऱ्या आईला त्यातून आपला मुलगा तोफांच्या किती जवळ आहे, एवढेच कळत असे.

१९१७ च्या वसंतातील लढाईनंतर ओवेनला मानसिक आघाताने ग्रासले. तोफांच्या माऱ्यात राहून मनाचा तोल जाण्याच्या या विकाराला त्या काळी ‘शेल शॉक’ म्हणत. जूनच्या अखेरीस त्याला स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात पाठवण्यात आले. तेथे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांनी त्याला कामात गुंतवण्याचा उपचार केला, आणि त्यातूनच ओवेन ‘द हायड्रा’ या रुग्णालयाच्या नियतकालिकाचा संपादक झाला. ऑगस्टमध्ये त्याची गाठ तेथेच दाखल झालेल्या सिगफ्रिड ससूनशी पडली. ससून हे नाव महाराष्ट्राला परके नाही. पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईचे डेव्हिड ससून ग्रंथालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले आणि पुण्यात चिरविश्रांती घेत असलेले डेव्हिड ससून हे या कवीचे पणजोबा होते. त्या वेळी ससूनचे नाव झालेले होते, ओवेनला कोणी ओळखत नव्हते. आपल्या कविता भीत भीत त्याच्यापुढे ठेवणारा हा तरुण अधिकारी थोड्याच आठवड्यांत त्याचा मित्र झाला, आणि त्या मैत्रीची खूण एका कागदावर आजही पाहायला मिळते.

तो कागद म्हणजे ‘अँथम फॉर डूम्ड यूथ’ या चौदा ओळींच्या कवितेचा खर्डा. या कवितेचे चार खर्डे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत ओवेनच्या शाईबरोबर ससूनची पेन्सिलही चाललेली दिसते. शीर्षकात ओवेनने आधी ‘डेड’ हा शब्द योजला होता. तो बदलून ‘डूम्ड’ झाला, तो ससूनच्या सूचनेमुळे. इंग्रजीतील या दोन शब्दांत मराठीतील ‘मृत’ आणि ‘मरण ज्याच्या कपाळी लिहून ठेवले आहे असा’ यांच्याइतके अंतर आहे. मृत तरुणांसाठी गायलेले गीत हा शोक असतो. मरणासाठी आधीच नेमून दिलेल्या, अजून चालत्याबोलत्या तरुणांसाठी गायलेले गीत हा आरोप असतो. एका शब्दाने कवितेचे तोंडच फिरले. शीर्षक ससूनने सुचवले आणि आपल्याला नेमके तेच म्हणायचे होते, असे ओवेनने २५ सप्टेंबर १९१७ च्या पत्रात आईला मोकळेपणाने कळवले आहे. छापील पुस्तकात मात्र हा दुसरा हात दिसत नाही. तेथे सारी कविता एकाच माणसाची होते.

ऑक्टोबर १९१७ मध्ये त्याच रुग्णालयात ‘डल्से एट डेकोरम एस्ट’ ही विषारी वायूच्या हल्ल्याची कविता लिहिली गेली. शीर्षक होरेस या रोमन कवीचे आहे; देशासाठी मरणे गोड आणि शोभिवंत असते, या अर्थाचे हे लॅटिन वचन तेव्हाच्या इंग्लंडमधील अनेक शाळकरी मुलांना पाठ असे, आणि कविता त्या वचनाला असत्य ठरवते. हिची चार हस्तलिखिते उरली आहेत, दोन लंडनला आणि दोन ऑक्सफर्डला. त्यांवरून दिसते की ओवेनने ही कविता आधी जेसी पोप या बाईंना उद्देशून लिहिली होती. वृत्तपत्रांतून तरुणांना भरतीसाठी डिवचणाऱ्या चटपटीत कविता या बाई लिहीत. एका प्रतीवर त्यांचे नाव आहे, दुसरीवर नाव जाऊन ‘एका कवयित्रीस’ अशा अर्थाचा मोघम उल्लेख आला आहे, आणि शेवटी तोही खोडलेला आहे. अर्पणाची ही ओळ टप्प्याटप्प्याने पुसली जाताना पाहिली की रागाने सुरू झालेली कविता भांडणापलीकडे कशी गेली, ते समजते. जेसी पोप यांचे नाव राहिले असते तर कवितेच्या शेवटी येणारे ‘मित्रा’ हे संबोधन एका व्यक्तीपुरते उरले असते. नाव गेले आणि तो बोल वाचणाऱ्या प्रत्येकाला लागू झाला.

मार्च १९१८ मध्ये ओवेनची रवानगी यॉर्कशरमधील रिपन येथील छावणीत झाली. छावणीबाहेर एका लहानशा घरात त्याने खोली घेतली आणि तेथे त्याच्या कवितेला बहर आला. आपला संग्रह काढावा असे त्याच्या मनात होते. त्याने अनुक्रमणिका मांडल्या, त्यांतल्या एकीत प्रत्येक कवितेसमोर तिचा हेतू टिपला आणि एका कागदावर प्रस्तावनेचा खर्डा केला. वीरांची गाथा आपल्याला सांगायची नसून युद्ध आणि त्यातून पाझरणारी करुणा हाच आपला विषय आहे, एवढेच त्या खर्ड्यात तो सांगतो. विसाव्या शतकातील इंग्रजी कवितेच्या अनेक चर्चा या प्रस्तावनेपाशी येतात. आणि ती आहे एक अर्धवट कागद, ज्यात ओळी खोडलेल्या आहेत आणि वाक्ये तुटलेली आहेत. संपादकांनी तिला छापील पानावर जो नीटनेटकेपणा दिला आहे तो ओवेनचा नव्हे.

ऑगस्ट १९१८ च्या अखेरीस तो पुन्हा फ्रान्सला गेला. सप्टेंबरात त्याने ‘स्प्रिंग ऑफेन्सिव्ह’ या कवितेचा खर्डा ससूनला पाठवला आणि ही कविता पुढे नेण्याजोगी आहे का, असे त्याच कागदावर विचारले; सैनिकाला जे कळणार नाही असे काही आपल्याला लिहायचे नाही, हेही त्याने जोडले. ऑक्टोबरच्या आरंभी एका हल्ल्यात दाखवलेल्या धैर्याबद्दल त्याला ‘मिलिटरी क्रॉस’ हे पदक देण्यात आले. ३१ ऑक्टोबरला ओर्सजवळच्या वनरक्षकाच्या घराच्या तळघरातून त्याने आईला अखेरचे पत्र लिहिले. धुराने भरलेली ती कोंदट जागा, फूटभर अंतरावर मेणबत्ती असूनही नीट न दिसणारा कागद, आजूबाजूला हसणारे-खिदळणारे सोबती, आणि येथे कसलाही धोका नाही असा दिलासा, एवढेच त्या पत्रात आहे. ओवेनच्या मृत्यूची तार श्रूजबरी येथील घरी पोहोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्धविरामाच्या घंटा गावात घणघणत असताना.

त्यानंतर कागदांचा प्रवास सुरू झाला. सूझन ओवेन यांनी मुलाची प्रत्येक ओळ जपली, असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. तथापि आपल्या पश्चात एका पिशवीतील कागद न वाचता जाळून टाकावेत, असे ओवेनने त्यांना सांगून ठेवले होते आणि त्यांनी ते अक्षरशः पाळले, असे हॅरल्ड ओवेन यांनी नोंदवले आहे. त्या पिशवीत काय होते हे आता कधीच कळणार नाही. उरलेल्या कवितांपैकी सात एडिथ सिटवेल या कवयित्रीने १९१९ मध्ये आपल्या ‘व्हील्स’ या वार्षिकात छापल्या. १९२० च्या डिसेंबरात ससूनच्या प्रस्तावनेसह तेवीस कवितांचा संग्रह निघाला. १९३१ मध्ये एडमंड ब्लंडन या दुसऱ्या सैनिक-कवीने अधिक कविता आणि चरित्रपर टिपण जोडून मोठी आवृत्ती काढली, आणि १९३४ मध्ये कवितांच्या हस्तलिखितांचा मुख्य संच राष्ट्रीय संग्रहासाठी विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमकडे सोपवण्यात आला. पुढे म्युझियमचे ग्रंथालय स्वतंत्र झाले, तेव्हा तो ब्रिटिश लायब्ररीत आला.

तरी खरी पाठचिकित्सा व्हायला अर्धशतक जावे लागले. ओवेनने कवितांवर तारखा क्वचितच घातल्या. जॉन स्टॉलवर्दी यांनी १९७४ मध्ये त्याचे चरित्र लिहिले आणि १९८३ मध्ये दोन खंडांत समग्र कविता व अपुरे तुकडे संपादित केले. त्या कामी त्यांना उपयोगी पडले ते जलचिन्ह. कागद तयार होताना कारखानदार त्यात आपली खूण उमटवतो, ती कागद उजेडासमोर धरला की दिसते. पत्रांवर तारखा होत्या. ज्या कागदावर अमुक महिन्यात पत्रे लिहिली गेली त्याच जलचिन्हाच्या कागदावर एखादी कविता सापडली, तर ती त्याच सुमाराची मानायला आधार मिळाला. आईने पत्रे राखली म्हणून मुलाच्या कवितांचा कालक्रम लागला.

हॅरल्ड ओवेन यांच्याविषयी मात्र मिश्र भावनेनेच लिहावे लागते. स्वतः चित्रकार असलेल्या या भावाने आयुष्याचा मोठा भाग विल्फ्रेडच्या कीर्तीसाठी वेचला, ‘जर्नी फ्रॉम ऑब्स्क्युरिटी’ हे तीन खंडांचे कुटुंबवृत्त लिहिले, आणि पत्रे प्रसिद्ध केली. पण प्रसिद्ध करण्याआधी त्यांनी त्यांतले काही भाग काळ्या शाईने झाकले, काही कात्रीने कापून काढले. घरातील खाजगी गोष्टी चव्हाट्यावर येऊ नयेत, ही त्यांची भावना समजण्यासारखी आहे. मराठी घरांतूनही थोरांच्या रोजनिशा याच भावनेने नाहीशा झाल्या आहेत. परंतु जपणारानेच खोडले की पुढच्या वाचकाच्या मनात संशय कायमचा राहतो, आणि खोडलेल्या ओळींत काय असावे याच्या तर्कांनी मूळ ओळींपेक्षा अधिक नुकसान होते. २०२३ मध्ये जेन पॉटर यांनी पत्रांची नवी निवड संपादित केली, तीही या खोडलेल्या वारशाशी झगडतच.

पत्रांचा मोठा संच आज अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये आहे. हॅरल्ड यांच्या पत्नीने १९७५ मध्ये दिलेले कागद आणि ओवेनची स्वतःची पुस्तके ऑक्सफर्ड विद्यापीठात आहेत. एकाच माणसाचे कागद दोन खंडांत विभागले गेल्याने अभ्यासकांची जी ओढाताण होई, ती २००८ मध्ये ऑक्सफर्डने पहिल्या महायुद्धाच्या कवितेचे डिजिटल दालन उघडल्यापासून बरीच कमी झाली आहे. पुण्यात किंवा पणजीत बसलेल्या वाचकालाही ओवेनच्या हस्ताक्षरातील खर्डे आता मोफत पाहता येतात, आणि इंग्रजी कवितेची आवड असणाऱ्याने ते एकदा तरी पाहावेत.

त्या कागदांपैकी एक भारताशी जोडलेला आहे. ओवेनच्या सामानातून परत आलेल्या छोट्या खिशातल्या वहीत त्याने रवींद्रनाथ ठाकूर यांच्या इंग्रजी ‘गीतांजली’तील निरोपाचे शब्द उतरवून खाली त्यांचे नाव लिहिले होते. अखेरच्या वेळी आघाडीवर जाण्यापूर्वी आईबरोबर समुद्रकिनारी उभे राहून, फ्रान्सच्या दिशेने पाहत, त्याने हेच शब्द म्हटले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी सूझन ओवेन यांनी रवींद्रनाथांना पत्र लिहून हे सारे कळवले आणि ती संपूर्ण कविता कोणत्या पुस्तकात सापडेल, असे विचारले. तिसऱ्याच देशातील कवीकडे आपल्या मुलाच्या शब्दांचा माग काढणाऱ्या या पत्राइतके साधे आणि व्याकूळ करणारे पत्र त्या युद्धाच्या साऱ्या कागदपत्रांत विरळाच असेल.

ओर्स गावच्या दफनभूमीत ओवेनची समाधी आहे. तिच्यावर कोरण्यासाठी आईने त्याच्याच ‘द एंड’ या कवितेतील शब्द निवडले. मूळ कवितेत तेथे दोन प्रश्न आहेत : मृत देहांना पुन्हा जीवन लाभेल का, आणि मरण खरोखरच रद्द होईल का; पुढे कविता दोन्हींना नकार देते. समाधीवर मात्र दुसरे वाक्य मध्येच थांबवले आहे आणि त्याचे प्रश्नचिन्ह गळले आहे, त्यामुळे प्रश्नाचे ठाम आश्वासन झाले आहे. श्रद्धाळू आईला मुलाच्या थडग्यावर शंका सोसवली नसावी. ओर्सला जाणारा प्रवासी आईचे वाक्य वाचून परततो. हस्तलिखितात प्रश्नचिन्ह आहे.